पंधरावर फिरणारी मोटर

गोरक्षनाथला स्वस्थ बसलेलं आमच्या गावात कुणी पाहिलेलं नाही. देवळापुढच्या कट्ट्यावर चारचौघांत बसला, तरी त्याच्या उजव्या हाताचा अंगठा मांडीवर काहीतरी दाबत राहायचा. दोनदा वर, एकदा खाली, मग मध्ये जोरात. नवख्या माणसाला वाटावं, याला कसला झटका येतोय. आम्हाला ठाऊक होतं, की माणूस कट्ट्यावर आहे आणि अंगठा खव्याच्या भट्टीतल्या डब्यावर.

डबा म्हणजे ड्राइव्ह. वहीएवढा, करड्या रंगाचा, भिंतीला ठोकलेला, आणि कपाळावर तांबडे आकडे. मोटरीने किती वेगाने फिरायचं, किती जोर लावायचा, सुरू होताना दमादमाने व्हायचं की झटक्याने, आणि किती ताण आला म्हणजे आपण होऊन थांबायचं, हे सगळं त्या डब्यात आकड्यांनी भरून ठेवावं लागतं. आमच्या गावठाणात घरापुरती एकच फेज येते. त्या एका फेजवर तीन फेजची मोटर चालवायची करामतही तोच डबा करतो. गावात तो डबा उघडून आकडे बदलणारा माणूस एकच होता. शाळा सातवीपर्यंत, आणि बाकीची सगळी उसात.

आमचा भाग जामखेडच्या पूर्वेचा. खडकाचा माळ, वीतभर माती, ज्वारी साधली तर साधली. दसरा झाला की अर्धं गाव ट्रकमध्ये बसून खाली जातं, सांगलीकडे, कारखान्यांवर. तिथे माणसांची मोजणी कोयत्यांनी होते. एक कोयता म्हणजे एक जोडपं. नवरा ऊस तोडणार, बायको मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेणार. एकट्या माणसाला तिथे अर्धा कोयता म्हणतात आणि अर्ध्याला कुणी नेत नाही. गोरक्षनाथ आणि त्याची बायको मुक्ता चौदा सालं जात होती.

ड्राइव्ह तो तिथेच शिकला. उसाच्या गाड्या कारखान्याच्या आवारात तासन्‌तास खाली व्हायची वाट बघत उभ्या असतात. बाकीचे गाडीखाली सावलीत आडवे व्हायचे. गोरक्षनाथचे पाय ठरत नसत. तो हिंडत हिंडत जिथे ऊस पट्ट्यावरून आत सरकतो तिथे जाऊन उभा राहायचा. त्या पट्ट्याची मोटर रेड्याएवढी. ऊस अडकला की तिथला इलेक्ट्रिशियन रविराज डब्यावरचं बटण दाबायचा, आकडा उतरत उतरत बारावर यायचा, आणि ती एवढी मोठी मोटर पोथी ऐकायला निघालेल्या म्हातारीसारखी सावकाश फिरू लागायची. ऊस मोकळा झाला की पुन्हा वर. गोरक्षनाथ ते तोंड उघडं टाकून बघायचा. पहिल्या साली रविराजने त्याला हाकलून दिलं. दुसऱ्या साली बॅटरी धरायला लावली. तिसऱ्या साली म्हणाला, "एवढं बघतोस तर लिहून घे की."

मग त्याने लिहून घेतलं. इंग्रजी अक्षरं वाचता येत नव्हती, म्हणून त्यांची चित्रं काढली. चित्रापुढे आकडा, आकड्यापुढे मराठीत त्याचं काम. हा वेगाचा. हा जोराचा. हा थांबण्याचा. एकेक आकडा बदलून बघायचा, काय होतं ते ध्यानात ठेवायचं, पुन्हा होता तिथे आणायचा. सहा सालांत छोटी डायरी भरली. असं शिकलेला माणूस आमच्या तालुक्यात दुसरा असेल तर मला दाखवावा.

दोन वर्षांपूर्वी गावातल्या बायकांच्या गटाने खव्याची मशीन आणली. गटाची अध्यक्ष झुंबरबाई. साठीची, ठेंगणी, आणि आवाज असा की ओढ्यापलीकडच्या म्हशी वळाव्यात. हिशेबाला आणि कागदपत्राला पंकजा, गावातलीच एक बारावी झालेली सून. मशीन साधी होती. खाली जाळ, वर मोठी कढई, कढई गोल फिरते आणि आतलं खरवडणं एका जागी राहून तळ सोडवत राहतं. मशीन बसवणारा आला, बसवून गेला. पहिल्या दिवशी मोटर पन्नासावर, म्हणजे पूर्ण वेगाने, सुरू झाली, आणि कढई अशी गरागरा फिरली की दूध काठ सोडून भिंतीवर, भिंतीवरून झुंबरबाईच्या डोक्यावर.

"आगं बया, ही खव्याची मशीन हाय का गौळनीची?" झुंबरबाई तोंड पुसत म्हणाली. बसवणाऱ्याला फोन लावला, तर "सेटिंग करून घ्या" एवढं बोलून त्याने जो फोन ठेवला तो पुन्हा उचलला नाही.

मुक्ता गटातच होती. तिने नवऱ्याला आणलं. गोरक्षनाथने डबा उघडला, डायरी काढली, आणि वेग पन्नासावरून उतरवत पंधरावर आणला. दूध आटून घट्ट झालं की कढई जड होऊन अडायची, म्हणून जोराचा आकडा वाढवला. कढई संथ फिरू लागली. त्या दिवशी जो खवा निघाला तो दाणेदार, पिवळसर, बोटाला तूप सोडणारा. जामखेडच्या पेढेवाल्यांनी विचारलं, हा कुणाचा? गोरक्षनाथचा अंगठा तेव्हापासून मांडीवर चालायला लागला.

पण मोटर तापायची. तासाभरात डब्यावर तांबडा दिवा लागायचा, ओ आणि एल अशी दोन अक्षरं यायची, आणि मशीन बंद. ताण जास्त झाला, मी थांबतो, असं डबा सांगत होता. मोटरीच्या पाटीवर सहा अँपिअर लिहिलेलं. थांबण्याचा आकडाही सहावर. गोरक्षनाथने तो सात केला. मशीन चालू लागली. पुढे पुन्हा थांबली तेव्हा साडेसात. तीन महिन्यांनी मोटर जळाली. वीज खालीवर होते म्हणून जळाली, असं ठरलं. आतली तार नवी गुंडाळून, म्हणजे वायंडिंग करून आणली, तीही जळाली. तेव्हा झुंबरबाईने जामखेडच्या वायंडिंगवाल्याला भर बाजारात उभा धरला आणि तार हलकी घातलीस म्हणून त्याच्या सात पिढ्या काढल्या. तिसरी मोटर नवी आणली. तिला तापू नये म्हणून मुक्ता दर घाण्याला गोणपाट भिजवून तिच्या पाठीवर टाकायची, उन्हाळ्यात म्हशीच्या अंगावर टाकतात तसं.

मशीन अशी दिवसाआड अडायची. अडली की गोरक्षनाथला हाक. तो यायचा, दोनदा वर, एकदा खाली, मध्ये जोरात, आणि कढई फिरू लागायची. बायका म्हणायच्या, हा नसता तर काय झालं असतं!

यंदा घटस्थापनेला झुंबरबाईने बोलणं काढलं.

"गोरख्या, तू उसाला गेला की आमची मशीन रांडमुंड. औंदा जाऊ नगंस. नवमीपातूर मशीन एकदाबी न थांबता चालवून दाव. मंग तुला गटाचा मानूस म्हनून कायमचा ठिवते. मुक्ता तर आमचीच हाय."

गोरक्षनाथ नुसता "व्हय मावशी" म्हणाला. पण त्या रात्रीपासून मुक्ताच्या चालण्यात फरक पडला, हे आम्ही शेजाऱ्यांनी पाहिलं. तिने उसाला न्यायची पत्र्याची पेटी माळ्यावर चढवली. चौदा सालं ती पेटी दसऱ्याआधीच खाली उतरत आली होती. मुक्ताचं नाक भारी. दूध आटत आलं की वास बदलतो, आणि तो बदललेला वास तिला दारातून कळायचा. "काढा आता," ती म्हणायची, आणि त्याच क्षणी खवा कढई सोडायचा. उसात त्या नाकाला पाचटाच्या धुळीशिवाय काही नव्हतं.

मुकादम कल्याण रोज सकाळी मोटरसायकल दारात उभी करायचा. "गोरखभाऊ, व्हय का न्हाई? दसऱ्यापासनं तिसऱ्या दिवशी ट्रक हालंल. माझी टोळी अडून हाय."

"नवमीला सांगतो."

"नवमीला काय देव येनार हाय का सांगायला?"

गोरक्षनाथ हसायचा आणि तडक भट्टीकडे चालू लागायचा. ते नऊ दिवस त्याला घास गोड लागला नाही. सकाळी भट्टी, दुपारी भट्टी, जेवायला घरी, हातातला घास तसाच ठेवून पुन्हा भट्टी. मोटरीला हात लावायचा, चटका बसला की हात झटकायचा, गोणपाट फिरवायचा, डब्यातला ताणाचा आकडा बघायचा. सातव्या माळेला त्याने थांबण्याचा आकडा आठ केला. मशीन एकदाही थांबली नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात. नांगर, कोयता, कुऱ्हाड, मोटरसायकल, जे हाताला भाकरी देतं ते. पुजलेलं हत्यार त्या दिवशी वापरत नाहीत. पण झुंबरबाई म्हणाली, "गाई-म्हशीस्नी कुठं ठावं नवमी! दूध आलंय, घाना लागंल. पूजा चालत्या मशीनची करू." म्हणून घाणा लागला. सगळा गट नवी लुगडी नेसून भट्टीत जमला. डब्याला हळदकुंकू, कढईच्या काठाला झेंडू, आणि मोटरीच्या मागच्या बाजूला, जिथे पंख्याची जाळी असते तिथे, विटेच्या फटीत पंकजाने दोन उदबत्त्या खोचल्या. आरती झाल्यावर नारळ फुटणार होता आणि गोरक्षनाथचं नाव वहीत चढणार होतं.

गोरक्षनाथ मागे उभा होता. सवयीने त्याची नजर मोटरीवर गेली, मोटरीवरून उदबत्तीवर. मोटर फिरत होती, मागचा पंखा तिच्याच दांड्यावर तिच्याबरोबर फिरत होता, आणि त्या जाळीपासून चार बोटांवर उदबत्तीचा धूर सरळ वर चढत होता. दोऱ्यासारखा. कुठे वाकला नाही, कुठे हलला नाही.

तो पुढे सरकला. जाळीला तळहात लावला. वारा नव्हता.

त्याने डब्यावरचं बटण दाबलं आणि वेग थोडा चढवला. वीस, पंचवीस, तीस. धूर वाकला, जाळीत ओढला गेला. कढईतलं दूध काठाला आलं तसे बायका ओरडल्या. त्याने पुन्हा पंधरा केलं. धूर पुन्हा सरळ.

आणि तिथे उभ्या उभ्या त्याला सांगलीकडची ती रेड्याएवढी मोटर आठवली. घाम आला की तो तिच्या पुढे जाऊन उभा राहायचा, आणि तिच्या शेपटाकडून गार वारा त्याच्या तोंडावर यायचा. मोटर म्हातारीच्या चालीने फिरते आहे आणि वारा मात्र भन्नाट. सहा सालं तो त्या वाऱ्यात घाम वाळवत उभा राहिला होता, आणि हा वारा येतो कुठून, असं एकदाही त्याच्या मनात आलं नव्हतं. त्या मोटरीच्या शेपटाला एक वेगळी टोपी होती आणि त्या टोपीत एक बारीक वायर जात होती. ती अर्थिंगची वायर असेल असं तो धरून चालला होता. ती वेगळ्या पंख्याची होती. तिथली मोटर हळू फिरो की जोरात, तिचा पंखा आपल्या वेगाने वारा घालत होता. आणि इथे त्याने मोटर पंधरावर आणली, तिचा पंखाही पंधरावर आणला, वर जोर वाढवून तिला आणखी तापवलं, आणि ती तापून थांबायला लागली की थांबण्याचाच आकडा पुढे सारला.

तो बाहेर पाण्याच्या टाकीपाशी गेला. मुक्ता पाठोपाठ आली.

"आवं, आरती सुरू व्हईल. तोंड असं का?"

"मुक्ते, मोटर मी जाळली."

"कवा?"

"दोन्ही येळा. आन ही तिसरी जाळतोय."

त्याने तिला थोडक्यात सांगितलं. मुक्ता हुशार बाई, पंख्याचं तिला लगेच कळलं. तिने टाकीच्या कडेला हात टेकला.

"आज बोलू नगा," ती म्हणाली.

"आगं पर..."

"तेवढा नारळ फुटू द्या. ट्रक जाऊ द्या. मंग सांगा, मंग दुरुस्त करा."

"ट्रक जाईस्तोवर ही टिकंल का, ते मला सांगता येत न्हाई."

"टिकवा की. तुमास्नी येतंय आकडा वाढवायला. आठाचा नऊ करा." ती रागाने म्हणाली नाही. तहानेल्या माणसाने पाणी मागावं तशी म्हणाली. "चौदा सालं डोक्यावर मोळ्या घिऊन फळीवरनं गाडीत चढले. औंदा मला फळीवर पाय ठिवायचा न्हाई. एवढंच मागते."

आत घंटा वाजू लागली आणि दोघं आत गेली.

आरती चालू असतानाच झुंबरबाईने मोटरीला कुंकू लावायला बोट टेकवलं आणि झटक्याने मागे घेतलं. "आगं आई गं! देवी कोपली का काय? तव्यावानी तापलीय! मुक्ते, पोतं भिजीव."

मुक्ताने गोणपाट टाकीत बुचकळलं आणि निथळतं तसंच आणून मोटरीवर टाकलं. आज सण म्हणून की काय, पाणी जास्तच राहिलं होतं. ते मोटरीच्या अंगावरून ओघळलं आणि जिथे वायरी जोडलेल्या असतात त्या डबीच्या झाकणाकडे निघालं. झाकणाचा एक स्क्रू कधीच पडलेला. मुक्ताचे दोन्ही हात ओले, आणि ते हात पोतं नीट करत मोटरीवर.

गोरक्षनाथने पुढे होऊन तांबडं बटण दाबलं. मग खटका खाली ओढला. कढई थांबली. आरतीही थांबली.

"आरं, थांबीवलीस का?" झुंबरबाई ओरडली. "आज? आत्ता? नवमीच्या दिशी?"

"मुक्ते, हात काढ," तो म्हणाला. त्याने पोतं उचलून बाहेर अंगणात फेकलं. "मावशी, मोटर मीच जाळतोय. म्या लावलेली सेटिंगच चुकीची हाय."

फक्त मुक्ता हलली. कढईत घाणा अर्ध्यावर होता, खाली जाळ चालू होता, आणि कढई थांबली की दूध तळाला धरतं. तिने कोपऱ्यातलं लांब दांड्याचं उलथनं ओढलं आणि दोन्ही हातांनी कढई ढवळायला लागली. तिचं तोंड नवऱ्याकडे नव्हतं. "पंकजा, जाळ कमी कर," एवढंच म्हणाली. बाकीच्या बायकाही धावल्या. तासभर हाताने ढवळून त्या सहाजणींनी तो घाणा उतरवला, आणि तेवढा वेळ गोरक्षनाथ दाराशी उभा राहून पंखा, वारा, जोर, आकडा असं सगळं कबूल करत होता, कुणी ऐकतंय की नाही हे न बघता.

घाणा उतरल्यावर झुंबरबाईने पदराने कपाळ पुसलं. "म्हंजे वीज खालीवर व्हत न्हाई. वायंडिंगवाला चोर न्हाई. चोर आमच्या घरातच हाय."

"व्हय मावशी."

"आन त्या बिचाऱ्याला मी बाजारात काय काय बोलले! ते आता कोन गिळनार?"

"मी जातो त्याच्या दुकानात."

"जा. आन जाताना त्याच्या पाया पडायला माझं डोस्कंबी घिऊन जा." मग तिने मोटरीकडे बोट दाखवलं. "दुरुस्त व्हतंय का?"

"व्हतंय. पन डब्यानं न्हाई." हे वाक्य बोलायला त्याला फार कष्ट पडले असावेत. आकड्यांवर नाव कमावलेला माणूस तो. "मोटर पळाली पायजे, म्हंजे वारा लागंल. कढई हळू फिरली पायजे. त्येला पुली बदलावी लागंल. कढई फिरवनाऱ्या गिअरबॉक्सवर चार इंची हाय, तिथं बारा इंची. मंग मोटर पंचेचाळीसवर पळंल आन कढई आता फिरती तशीच फिरंल. जोरबी वाढवाया नगो."

"किती दिस?"

"दोन. तीन."

"दोन," झुंबरबाई म्हणाली. "तवर दूध डेरीला घालू."

नारळ तसाच ताटात राहिला.

बारा इंची पुली गावात एकाच ठिकाणी होती, मोडक्या कडबाकुट्टीला. ती त्याने दुपारीच सोडवून आणली. पण तिचं भोक मोठं, आत बुश, म्हणजे मापाची नळी, बसवायचा तर लेथ हवं. जामखेडला गेला तर लेथवाल्याने लेथला हार घातलेला. "आज नवमी, उद्या दसरा. मशीनला हात लावनार न्हाई. परवा ये." गोरक्षनाथ तिथल्या तिथे येरझाऱ्या घालू लागला. मग वायंडिंगवाल्याच्या दुकानात गेला आणि त्याला सगळं सांगितलं. तो माणूस खूप वेळ हसला. "तरी मी म्हनतोय, ह्या बाईच्या दोनी मोटरी एकसारख्या कशा करपल्या!" म्हणाला. चहा पाजला. डबीच्या झाकणाचा स्क्रू फुकट दिला.

दसरा त्याने कसा घालवला हे विचारू नये. सोनं वाटायला निघाला तो प्रत्येक दारात दोन पावलं टाकून मागे फिरत होता. मुक्ता त्याच्याशी कामापुरतं बोलत होती. पेटी अजून माळ्यावरच होती.

दुसऱ्या दिवशी तो लेथचं शटर उघडायच्या आधीच तिथे हजर होता. दुपारी दोनला पुली बसली, लांब पट्टा चढला. त्याने डबा उघडला. थांबण्याचा आकडा आठावरून सहावर आणला, पाटीवर लिहिलेला होता तिथे. वाढवलेला जोर काढून टाकला. वेग पंचेचाळीस. मग पंकजाला म्हणाला, "ताई, करा सुरू."

मोटरीने सूर धरला. इतके दिवस ती कण्हत होती हे ती नीट चालायला लागल्यावर कळलं. मागच्या जाळीत वारा ओढला जाऊ लागला. कढई मात्र तशीच संथ, दूध काठाच्या आत. घाणा घट्ट होत आला, आणि ताणाचा आकडा चारापुढे गेला नाही. मुक्ताने वास घेतला. "काढा," म्हणाली. खवा निघाला. झुंबरबाईने मोटरीवर तळहात टेकवला आणि तो तिथेच ठेवून सगळ्यांकडे पाहिलं. दुसरा घाणा झाला, तिसरा झाला. तांबडा दिवा लागला नाही. गोरक्षनाथला कुणी हाक मारली नाही. दाराशी तो एकदा या पायावर, एकदा त्या पायावर उभा राहत होता.

संध्याकाळी बायका बसल्या. पंकजाने वही उघडली. झुंबरबाई बराच वेळ नखाने जमिनीवरचं शेण खरवडत होती. ती खोटं बोलणारी बाई नाही, हे तिच्या जन्माचं दुखणं.

"गोरख्या, तू जे केलं ते चांगलं केलं. झाकून ठिवलं असतंस तर माझ्या मुक्तेचा हात चिकटला असता त्या मोटरीला. पन आता मला सांग, मशीन जर अडनारच न्हाई, तर तुला रोज हितं बसवून मी काय करू? गटाला काय तोंड दाखवू? ह्या पंकजालाबी आता चालू-बंद करता येतंय."

पंकजाने मान खाली घातली.

गोरक्षनाथने एकदा डब्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरोबर हाय मावशी." आणि ते बरोबरच होतं. जोवर सेटिंग चुकलेली होती तोवर त्याच्यावाचून भट्टीचं पान हलत नव्हतं. ती बरोबर झाली त्याच दुपारी तो रिकामा झाला.

घरी आल्यावर मुक्ताने शिडी लावली, माळ्यावर चढली, पेटी खाली घेतली. पेटीवरची धूळ पुसताना एकदाच म्हणाली, "नऊ केला असता तर टिकली असती का?"

"धा-बारा दिस टिकली असती."

"मंग?"

"मंग जळाली असती. का..." मुक्ताने स्वतःच्या हातांकडे पाहिलं, आणि पेटीत भांडी भरायला लागली.

सकाळी ट्रक आला. कल्याण मुकादमाने वरून विचारलं, "काय गोरखभाऊ, देव आला न्हाई वाटतं नवमीला?" मुक्ता आधी चढली.

पुढचं मला गोरक्षनाथनेच सांगितलं. पौषातली दुपार होती, सांगलीकडचा उसाचा फड. गाडी भरत आली होती. सगळ्या हंगामात त्याला भट्टीवरून एकही फोन आला नव्हता. बरोबर चालणारी मशीन कशाला फोन करेल! तरी तो दर थोड्या वेळाने खिशातला मोबाईल काढून बघायचा. त्या दुपारी त्याला राहवलं नाही. त्याने कोयता बांधावर टाकला आणि फोन लावला.

"पंकजाताई, मोटर कशी हाय?"

"कशी म्हंजे? चालतीय की, भाऊ."

"हात लावून बघा बरं. धा अंक मोजा."

पलीकडे पंकजा हसली, पण गेली. मोटरीचा सूर जवळ आला. "...आठ, नऊ, धा. थंड हाय भाऊ, एकदम थंड. ठिवू का? घाना हाय." आणि मग लगेच, "थांबा थांबा, मुक्तावैनी हायत का जवळ? त्यास्नी द्या."

मुक्ता मोळी बांधत होती. तिने फोन कानाला लावला. पलीकडे पंकजाचा आवाज पडला, झुंबरबाईचा चढला. मोटर थंड, कढई संथ, सगळं ठीक. पण खवा करपू लागला होता. जामखेडचे पेढेवाले परत करू लागले होते. कधी उतरवायचा, हे कुणाच्याच नाकाला कळत नव्हतं. मुक्ता फडात उभी राहून, डोळे मिटून, फोनमधून कढईचा आवाज ऐकत होती. "जाळ कमी करा. उतरवू नगा, अजून न्हाई... आता खुडखुड ऐकू येतीय, आता. काढा, काढा!"

मग झुंबरबाई काहीतरी बराच वेळ बोलली. तिचा आवाज बांधापर्यंत येत होता, शब्द येत नव्हते. मुक्ता ऐकत राहिली, आणि गोरक्षनाथ सांगतो, त्या हंगामात पहिल्यांदाच तिच्या तोंडावर हसू आलं, ते तिने पदराने दाबलं.

"काय म्हनली मावशी?" फोन परत घेत त्याने विचारलं.

"म्हनली, पुढच्या दसऱ्याला मुक्ता जायाची न्हाई. नवऱ्यानं अर्धा कोयता व्हायाचं का गावात पुल्या बसवत हिंडायचं, ते त्येचं त्यानं बघावं."

"आन तू काय म्हनलीस?"

"व्हय म्हनले," मुक्ता म्हणाली, आणि डोक्यावर चुंबळ ठेवून खाली वाकली. "बगत काय बसलाव? मोळी उचलू लागा."